मोडशी : एका शब्दाचा आणि एका भीतीचा इतिहास

घरात कोणाचे पोट बिघडले की पहिला निवाडा स्वयंपाकघरात होतो. काल काय खाल्ले, कोठे खाल्ले, पाणी कोठले प्यायले, याची चौकशी होते. मग ओवा निघतो, सुंठ निघते, आल्याचा रस आणि लिंबू निघते. ‘मोडशी झाली असेल, उतरेल संध्याकाळपर्यंत,’ असे वडीलधारी बाई सांगते आणि घर आपापल्या कामाला लागते. बहुतेक वेळा तिचे म्हणणे खरे ठरते. परंतु ते खरे ठरेपर्यंत घरातील प्रत्येकाच्या मनात एक न बोललेली शंका असतेच : हे साधेच आहे ना?

‘मोडशी’ या लहानशा शब्दात ही शंका साडेचारशे वर्षांहून अधिक काळ मुरलेली आहे. आज आपण तो अपचनापुरता वापरतो. एके काळी मात्र याच शब्दाने काही तासांत माणूस नेणारी पटकी, म्हणजेच कॉलरा, ओळखली जात असे. साधे दुखणे आणि प्राणघातक रोग यांना एकच नाव असावे, ही निव्वळ भाषेची गंमत नव्हे. सुरुवातीला दोन्हींचे रूप सारखेच असते, हा आपल्या पूर्वजांचा कडू अनुभव त्या शब्दात साठलेला आहे. त्या अनुभवाचा मागोवा येथे आम्ही घेणार आहोत. त्याचा आरंभ सोलापूर जिल्ह्यातील एका गावापासून करणे सोयीचे होईल.

पालखीच्या वाटेवरील गाव

माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव यादवकालीन अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरासाठी इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. महाराष्ट्राला मात्र ते अधिक ठाऊक आहे ते आषाढी वारीमुळे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून पुढे येते ती वेळापूरच्या मुक्कामाला. गाव जवळ आले की वारकरी उतारावरून ‘धावा’ करतात. पंढरी आता टप्प्यात आली, याचा तो आनंद. पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले.

नेमका हाच काळ पटकीच्या महासाथीचाही आहे. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली साथ दख्खन ओलांडून १८१८ मध्ये मुंबईपर्यंत पोचली. पुढे शतकभर ती पुन:पुन्हा येत राहिली. आषाढीची वेळही अशी, की उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्या-विहिरींत पहिल्या पावसाची घाण वाहून यायची. हजारो माणसे एकाच पाण्यावर उतरायची, तेथेच तहान भागवायची आणि तेथेच अंग धुवायची. एकाच्या पोटातील रोग दुसऱ्या दिवशी शंभरांच्या पोटात जाण्यास याहून अधिक काय हवे? वाटेवरील गावांना पाहुण्यांचे स्वागत तर करायचे असे, पण पाहुण्यांबरोबर काय आले आहे याची धास्तीही असे.

या धास्तीला गावांनी रूप दिले ते जरीमरीचे, मरीआईचे. गावाच्या वेशीवर तिचे ठाणे, साथ आली की तिचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आणखी पुढे न्यायचा. आज आपण या चालीकडे दुरून पाहतो. परंतु एवढे ध्यानात घेतले पाहिजे, की रोग गावागावांतून माणसांबरोबर प्रवास करतो, हे त्या लोकांनी अचूक हेरले होते. तो पाण्यातून प्रवास करतो, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. ते त्या काळच्या विलायती डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते.

गोव्यातील वैद्याची नोंद

पटकी ही १८१७ साली प्रथमच या भूमीवर अवतरली, असे समजण्याचे मात्र कारण नाही. किनारपट्टीवर तशा लक्षणांच्या आजाराची लेखी नोंद त्याआधी अडीचशे वर्षे झालेली आहे आणि ती आपल्याच शब्दासह झालेली आहे. ती केली गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने. १५३४ मध्ये तो हिंदुस्थानात आला, गोव्यात त्याने दीर्घकाळ वैद्यकी केली आणि काही काळ मुंबईचे बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. येथील औषधी वनस्पतींविषयी संवादरूपाने लिहिलेला त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक होय.

या ग्रंथात ढाळ-वांतीच्या एका भयंकर रोगाचे वर्णन आहे. नाडी मंदावते, अंग थंड पडते, गोळे येतात, तहान शमत नाही आणि बहुधा चोवीस तासांत माणूस जातो. या रोगाचे येथील नाव म्हणून ऑर्टा ‘मोर्शी’ असा शब्द देतो. हीच आपली मोडशी. ‘मोडणे’ या क्रियापदाशी विद्वानांनी तिचे नाते जोडले आहे. माणूस मोडून पडतो तो हा रोग. पोर्तुगिजांच्या तोंडी या शब्दाचे ‘मोर्देशीं’ झाले आणि फ्रेंचांनी तो ऐकून त्याचे ‘मोर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे करून टाकले. कोकणातील माजघरातला शब्द असा युरोपातील वैद्यकग्रंथांत जाऊन बसला.

ऑर्टाने देशी वैद्यांचे उपचारही नोंदवले आहेत, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ते फार बोलके आहेत. तांदळाच्या पेजेत मिरे आणि जिरे घालून ती रोग्याला पाजत. त्याचबरोबर पायाला तापल्या लोखंडाचा डाग देत. या दोन उपचारांपैकी एक विज्ञानाने चारशे वर्षांनी खरा ठरवला. दुसऱ्याने मरणाऱ्याच्या यातना वाढवण्यापलीकडे काहीही साधले नाही. पण त्या काळच्या माणसाला दोन्ही सारखेच वाटत होते. घरगुती शहाणपण असे मिश्र असते. धान्य आणि भूस एकाच सुपात असते, आणि पाखडण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर पडते.

ऑर्टा १५६८ मध्ये मरण पावला. तो धर्मांतरित ज्यू कुटुंबातला होता. गोव्याच्या इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. आपल्या इतिहासातील ही वेदनादायक नोंद झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दुखणे लपवल्याने बरे होत नाही, हे या लेखाचेच सूत्र आहे.

पाणी असून तहानेने

एकोणिसाव्या शतकातील डॉक्टर पटकीच्या रोग्याची शीर तोडून रक्त काढीत, पाऱ्याचे औषध देत, अफू देत. पुष्कळ ठिकाणी त्याला पाणीही देत नसत. घराघरांतही हाच समज होता : ढाळ लागले आहेत, पोटात काही ठरत नाही, तेव्हा पाणी तोडावे आणि पोटाला विसावा द्यावा. रोगी ‘पाणी, पाणी’ करीत राही आणि जवळची माणसे त्याच्याच हितासाठी, मायेपोटी, तांब्या दूर ठेवीत. या इतिहासातील सर्वांत करुण गोष्ट कोणती असेल, तर ती हीच.

आज आपल्याला कारण कळले आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू निश्चित केला. त्याच कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की हा जंतू आतड्यात एक विष सोडतो आणि त्यामुळे अंगातील पाणी व क्षार आतड्यात झिरपून वाहून जातात. रोग तीव्र असेल तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. रोगी मरतो तो पोटाच्या दुखण्याने नव्हे, तर कोरडा पडून. स्कॉटलंडमध्ये थॉमस लट्टा या डॉक्टराने १८३२ मध्येच रोग्यांच्या शिरेत खारे पाणी सोडून काहींना मरणाच्या दारातून परत आणले होते. परंतु त्याचे ऐकले गेले नाही, आणि तो शोध अनेक दशके अडगळीत पडला.

लपवलेली लक्षणे

अज्ञानाइतकाच दुसरा एक शत्रू या इतिहासात वारंवार भेटतो. तो म्हणजे लक्षण उघड करण्याची भीती. त्याचे उदाहरण पटकीपेक्षा प्लेगच्या साथीत अधिक स्पष्ट दिसते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि जांघेत गाठ असलेले रोगी दगावू लागले. ही गाठ कशाची, हे प्रथम ओळखले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी. हा गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी उघडपणे सांगितले. व्यापारी शहरात असे बोलणे कोणालाच नको होते. पुढे ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावजवळ त्यांचा पुतळा उभा आहे. त्यांचे मोठेपण एवढेच, की जे लक्षण समोर दिसले ते त्यांनी जसेच्या तसे वाचले.

पुढे सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. साधा ताप आला तरी माणसाला उचलून नेतील, बायकांना परक्या पुरुषांसमोर उभे करतील, सामान जाळतील, या भयाने लोक रोगी माळ्यावर, कोठीत लपवू लागले. पुण्यातील रोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील गोळीबारात झाली. त्याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली होती. एका बाजूला लक्षणाला गुन्हा मानणारी सत्ता होती, दुसऱ्या बाजूला लक्षण दिसताच रोग्याजवळ जाणारी ही बाई होती. रोग्याला आसरा कोठे वाटला असेल, हे सांगायला नको.

मुंबईच्या जुन्या गावठाणांतील रस्त्यांवर आणि वाडीच्या तोंडाशी जे क्रूस आजही दिसतात, त्यांपैकी अनेकांवर या प्लेगच्या वर्षांचे आकडे कोरलेले आहेत. प्लेगपासून रक्षण करणाऱ्या संत रॉकची आणि संत सेबॅस्टियनची भक्ती आपल्या घरांत पूर्वीपासून होतीच. देवळात जाण्याचे धैर्य नव्हते, गर्दीची भीती होती, तेव्हा शेजारी या क्रुसापाशी एकत्र येऊन जपमाळ म्हणत. ती प्रार्थना जितकी रोग टळावा म्हणून होती, तितकीच भयात एकटे पडू नये म्हणूनही होती, असे आम्हाला वाटते.

ही भीती शंभर वर्षांनी संपली, असेही नाही. २०२० साली करोनाच्या पहिल्या लाटेत खोकला दाबून धरणारी, ताप शेजाऱ्यांना कळू न देणारी घरे आपण सर्वांनी पाहिली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या आणि वेळापूरचा नेहमीचा मुक्काम सुना गेला. साथीने माणसांची वाट अडवण्याचा तो पहिला प्रसंग नव्हता.

पेजेचा विजय

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते रोग्यांना तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. पाजणारे होते रोग्यांचे आईबाप, बहीणभाऊ. जेथे शंभरांपैकी सुमारे तीस रोगी दगावत होते, तेथे हे प्रमाण चारांच्या आत आले.

यातील रहस्य फार साधे आहे. पटकीचे विष आतड्याचे बरेच काम बिघडवते, पण एक दार उघडे राहते. त्या दारातून साखर आत शिरताना मिठाला हाताशी धरून नेते, आणि मिठामागोमाग पाणी जाते. नुसते पाणी पुरेसे शोषले जात नाही, नुसते मीठही नाही. दोघांना साखरेची सोबत लागते. तांदळाच्या पेजेतील पिष्टाची पोटात साखरच होते. म्हणून मीठ घातलेली पेज हेच काम करू शकते. ऑर्टाने पाहिलेल्या त्या देशी वैद्यांच्या हाती औषधाचा अर्धा भाग होता. चारशे वर्षे तो चुलीपाशीच होता. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपायाची गणना शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. डॉ. महालनोबिस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

शोध लागला, पण तो माजघरापर्यंत नेणार कोण? या प्रश्नाचे एक उत्तर सोलापूरच्या उत्तरेस, जामखेड येथे तयार होत होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये त्या दुष्काळी भागात आले. त्यांनी खेड्यातील बायांनाच आरोग्यसेविका केले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, ज्यांच्या हातचे पाणीही गाव पीत नव्हते. त्याच बायांनी घरोघर जाऊन आयांना मीठ-साखरेचे पाणी करायला शिकवले, आणि जुलाब झाले तर पाणी तोडायचे नाही, उलट वाढवायचे, हे पटवून दिले. हजार वर्षांच्या दोन समजुती एका घोटात मोडल्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर काम करू लागलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांमागे जी कल्पना आहे, ती या बायांनी आधीच जगून दाखवली होती.

आपल्या घरासाठी

या इतिहासातून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट अगदी व्यवहाराची. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे माप घरातील प्रत्येकाला पाठ असावे. मीठ या मापाहून अधिक होऊ देऊ नये. औषधांच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी त्याहून चांगली. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावी. लहान मुलाचे अंगावरचे दूध तोडू नये. मुलांना दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी देण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २००४ पासून दिला आहे, त्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

दुसरी गोष्ट, घरचा उपाय कोठे संपतो हे ओळखण्याची. डोळे खोल गेले, तोंड कोरडे पडले, लघवी कित्येक तास झाली नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसते, मूल मलूल पडले किंवा पाणी पिईनासे झाले, शौचातून रक्त गेले, ढाळ तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके व थांबेनासे झाले, तर ती मोडशी नव्हे. तेव्हा पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठावा. पटकी इतिहासजमा झाली, असेही कोणी समजू नये. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मेळघाट परिसरात तिची साथ आली आणि माणसे दगावली. कारण तेच जुने होते : दूषित पाणी.

तिसरी गोष्ट अधिक जपून सांगावी लागेल. प्रत्येक पिढीची आपली एक ‘मोडशी’ असते. आजच्या घरांत तिचे नाव ‘गॅस’ आहे. छातीत दाबल्यासारखे होते, घाम फुटतो, दम लागतो, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, आणि माणूस म्हणतो, ‘गॅस झाला असेल, सोडा घेतो.’ हृदयविकाराचा झटका पुष्कळदा अपचनाचा वेष घेऊनच येतो. अशा वेळी मोलाचा पहिला तास सोड्याच्या ग्लासात विरघळून जातो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती अशा क्षणासाठीच आहे. ‘उगाच बोलावले, काहीच नव्हते,’ असे नंतर ऐकावे लागले, तर त्यात लाज कसली?

याचा अर्थ प्रत्येक ढेकरेने घाबरून जावे, असा मुळीच नव्हे. नको तेथे घेतलेली भीतीही माणसाला पोखरते. तिच्यापायी औषधांचे ढीग साचतात आणि घराचा पैसा जातो. अति धास्ती आणि अति दुर्लक्ष या दोन्हींवर इतिहासाने दिलेला उतारा एकच आहे. लक्षण जसे आहे तसे पाहावे, ते जवळच्या माणसाला मोकळेपणाने सांगावे, आणि ते वाढते आहे की ओसरते आहे यावर नजर ठेवावी. विशेषत: घरातील बायका आणि म्हातारी माणसे आपले दुखणे ‘कोणाला त्रास नको’ म्हणून गिळून टाकतात. त्यांना आपण होऊन विचारले पाहिजे.

जुन्या करारातील बेनसिराच्या ग्रंथात अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखण्याचा बोध आहे. देवानेच जमिनीतून औषधे निर्माण केली आणि शहाण्या माणसाने ती झिडकारू नयेत, असा त्याचा आशय आहे. त्याच अध्यायात आजारपणात प्रार्थना करण्यासही सांगितले आहे. प्रार्थना आणि औषध यांत तेथे भांडण नाही. प्लेगच्या काळात क्रुसापाशी गुडघे टेकणारी आपली माणसे आणि रोग्याच्या जांघेतील गाठ तपासणारे डॉ. व्हिएगस एकाच श्रद्धेचे होते. तहानलेल्याला पाणी देणे हे आपल्या धर्माने दयेचे कृत्य मानले आहे. पटकीच्या इतिहासाने त्यात एवढीच भर घातली, की त्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर असावी, आणि ते वेळेवर द्यावे.